करारात लिहिलं म्हणजे झालं का? जुन्या पिस्तुलांकडून पुराव्याचा धडा



पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिली अडचण येते ती लिटरेचर रिव्ह्यूची. 'अमक्याने तमुक सिद्ध केलं' अशी वाक्यं आपण एका पेपरातून दुसऱ्यात उचलत जातो. ही सवय किती महागात पडू शकते, ते आज जरा वेगळ्या उदाहरणातून बघू: अमेरिकन सैन्याची जुनी चकमकीची पिस्तुलं.

आधी यंत्र समजून घ्या. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड घट्ट बसवलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि दगड समोरच्या पोलादी पट्टीवर घासतो. ठिणग्या दगडाच्या उडतात असं आपल्याला वाटतं, पण दगड पोलादाचे बारीक कण खरवडून काढतो आणि ते तापलेले कण हवेत पेटतात. ठिणग्या खालच्या खोलगट पाळ्यातल्या रंजकेवर पडतात आणि नळीच्या बारीक छिद्रातून आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते. नुसती रंजक भडकली आणि आग आत गेलीच नाही, तर बार फुसका!

आता इतिहास. 1799 मध्ये अमेरिकन सरकारने कनेक्टिकटमधल्या बर्लिन गावच्या सिमियन नॉर्थला 500 पिस्तुलांचं काम दिलं. हा माणूस त्याआधी गवत कापायचे विळे बनवायचा. त्याची पहिली पिस्तुलं फ्रेंच सैन्याच्या 1777 च्या नमुन्यावर बेतलेली होती. पुढे सरकारने हार्पर्स फेरी इथल्या स्वतःच्या शस्त्रशाळेत 'मॉडेल 1805' बनवलं. 1806 ते 1808 या काळात साधारण 4,000 नग तयार झाले. अमेरिकन मिलिटरी पोलिसांच्या बिल्ल्यावर फुलीसारखी दिसणारी दोन पिस्तुलं याच नमुन्याची आहेत.

आपल्या कामाचा मुद्दा येतो 1813 मध्ये. नॉर्थला 20,000 पिस्तुलांचा करार मिळाला आणि त्यात एक अट होती: कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग त्या 20,000 पैकी कुठल्याही दुसऱ्या पिस्तुलाला बसला पाहिजे. तोपर्यंत कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून त्या त्या हत्याराला बसवत. रणांगणावर एक स्प्रिंग तुटली की कारागीर मिळेपर्यंत पिस्तूल निकामी. म्हणून ही अट फार मोठी होती.

पण ही अट नक्की कशाचा पुरावा आहे? सरकारला काय हवं होतं, याचा. ते प्रत्यक्षात मिळालं का, हे करारातून कळत नाही. तुमच्या रिव्ह्यूमध्ये 'उद्दिष्ट' आणि 'निष्कर्ष' यांची अशीच सरमिसळ होते.

दुसरं उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. बदलता येणाऱ्या सुट्या भागांचा जनक म्हणून पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं एली व्हिटनीचं नाव देत आली. मीही एका सेमिनारच्या स्लाइडवर ते बिनधास्त टाकलं होतं. व्हिटनीने 1798 मध्ये 10,000 मस्केट दोन वर्षांत देण्याचा करार केला. शेवटच्या मस्केट दिल्या 1809 मध्ये. मधल्या काळात, 1801 मध्ये, त्याने वॉशिंग्टनमध्ये बड्या मंडळींसमोर सुट्या भागांच्या ढिगातून चाप जुळवून दाखवले, अशी गोष्ट सांगितली जाते. 1960 मध्ये रॉबर्ट वुडबरी यांनी 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या जर्नलमध्ये ही दंतकथा तपासली. व्हिटनीच्या शिल्लक असलेल्या मस्केटचे भाग सर्रास एकमेकांत बदलता येत नाहीत. उलट काही भागांवर ते कुठल्या मस्केटचे आहेत हे कळावं म्हणून खुणा केलेल्या आहेत. भाग खरोखर सारखे असते तर खुणा कशाला लागल्या असत्या?

1988 मध्ये रॉबर्ट गॉर्डन एक पाऊल पुढे गेले. त्यांनी जुन्या बंदुकांच्या चापांमधल्या भागांचे पृष्ठभाग तपासले, मापं घेतली. शेवटचा आकार देताना राहिलेले कानशीचे ओरखडे तिथे दिसले. म्हणजे अचूकता एकट्या यंत्राने आणली नव्हती. गेज हातात धरून घासणाऱ्या कारागिरांचा त्यात मोठा वाटा होता. कागदपत्रांत ज्यांचं नाव कुठेच नव्हतं, त्यांचं श्रेय धातूने सांभाळून ठेवलं होतं.

मग 'वस्तूच खरी' असं म्हणायचं का? तेही घाईचं होईल. तांब्याच्या टोपीवर उडणारी हत्यारं आल्यावर 1840 नंतर अनेक चकमकीच्या पिस्तुलांमध्ये बदल केले गेले. पुढे संग्राहक मूळ चकमकीच्या पिस्तुलाला जास्त पैसे मोजू लागले, तेव्हा काहींनी नवे भाग लावून ती पुन्हा 'जुनी' केली. असा नमुना टेबलावर ठेवून 1813 बद्दल निष्कर्ष काढलात तर मापं बरोबर येतील आणि उत्तर चुकेल. आपल्या लॅबमध्येही सॅम्पल आधी कोणी, कशात, किती दिवस ठेवलं होतं हे न विचारता आपण सरळ रीडिंग घेतो, नाही का?

चांगली चाचणी कशी असते तेही सांगतो. 1820 च्या दशकात हार्पर्स फेरीत जॉन हॉलच्या 100 रायफली सुट्या करून भाग एकमेकांत मिसळले आणि नव्या लाकडी दस्त्यांवर पुन्हा जोडले. ते बसले. इथे दावा चुकीचा ठरण्याची पूर्ण संधी होती, म्हणून त्या निकालाला वजन आहे. व्हिटनीच्या प्रात्यक्षिकात भाग त्याने स्वतःच निवडून आणले होते.

तर आज एवढंच करा. सिनॉप्सिसमधलं 'सिद्ध झालं आहे' असं एक वाक्य घ्या आणि मूळ पेपरापर्यंत मागे जा. तिथे करार आहे, प्रात्यक्षिक आहे की मोजमाप, ते समासात लिहा. एका वाक्याला अख्खी दुपार जाईल, पण व्हायवामध्ये नेमका त्याच वाक्यावर प्रश्न आला तर तुमचा बार फुसका जाणार नाही.