मोटारीचा ‘मेंदू’ बदलताना

निगडीत राहणारे आमचे एक शिक्षक स्नेही गेल्या पावसाळ्यानंतर मोठ्या अडचणीत सापडले. त्यांची पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार सकाळी सुरळीत चाले. पण इंजिन तापले की झटके देऊ लागे आणि मोशीच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत, एकाएकी बंद पडे. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होई. गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, पेट्रोल पंप बदलून झाला, एक सेन्सरही बदलला. शेवटी निदान झाले, “ईसीएम गेला. नवीन आता मिळत नाही. गाडी भंगारात काढा.” इंजिन उत्तम, पत्रा शाबूत आणि केवळ एका डबीमुळे मोटार भंगारात? हा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले.

ईसीएम म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक. हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची डबी, आत एक सर्किट बोर्ड, बाहेर तारांचा जाड जुडगा. पूर्वीच्या मोटारींत ती नव्हती. कार्बुरेटर नावाचे साधे यंत्र हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळत असे. मग ही डबी आली कशासाठी?

उत्तर रसायनशास्त्रात आहे. पेट्रोल म्हणजे ढोबळमानाने ऑक्टेन समजू. त्याच्या रेणूत ८ कार्बन व १८ हायड्रोजन अणू असतात. असा एक रेणू पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. गणित करून पाहिले तर पेट्रोलच्या सुमारे १५ पट हवा लागते. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हा आकडा १४.७ धरतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा बंदोबस्त करणारा उत्प्रेरक याच प्रमाणाच्या अगदी जवळ नीट काम करतो. इतकी अचूकता कार्बुरेटरला साधत नाही.

म्हणून प्रदूषणाचे कायदे कडक झाले, तसतसा संगणक मोटारीत शिरला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी परिसरासाठी युरो मानके लागू करण्याचा आदेश दिला; १ एप्रिल २००० पासून देशभर ‘इंडिया २०००’ मानके आली. १९९८ च्या अखेरीस पिंपरीच्या कारखान्यातील इंडिका लोकांसमोर आली, तो हाच संक्रमणाचा काळ. आपल्याकडच्या संगणकधारी मोटारींची पहिली पिढी आता पंचविशीत आहे. आमच्या स्नेह्यांचा प्रश्न म्हणूनच एकट्याचा नाही.

आता या डबीचे काम पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला २० मिलिसेकंद. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडाव्या लागतात. म्हणजे सेकंदाला १००. ठिणगी नेमकी कोणत्या अंशाला पडावी हे ठरवताना एका अंशाचा अर्थ होतो सुमारे ५५ मायक्रोसेकंद. पेट्रोलचा फवाराही काही मिलिसेकंदांपुरताच उघडायचा असतो.

यासाठी संगणकाला खबर देणारे सेन्सर असतात. क्रँकवरील दातेरी चाकासमोरचा सेन्सर इंजिनाची स्थिती व वेग सांगतो. तापमान वाढले की ज्याचा रोध घटतो असा थर्मिस्टर पाण्याची उष्णता सांगतो. धुराच्या नळीतला सेन्सर ऑक्सिजन उरला की नाही हे सांगतो. संगणक स्मृतीतील कोष्टके पाहतो आणि आज्ञा देतो. आपण याला ‘मेंदू’ म्हणतो, पण तो विचार करत नाही. निखाऱ्याला हात लागताच तो मागे घेणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेशी त्याचे अधिक साम्य आहे.

अशी डबी बिघडते कशी? मुख्य कारणे तीन. पहिले, विद्युतदाब स्थिर ठेवणाऱ्या कपॅसिटरांतील द्रव वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने आटतो किंवा गळतो. दुसरे, ओलावा आत शिरून तांब्याच्या बारीक रेषा खातो. तिसरे कारण शाळेच्या पुस्तकातले आहे, औष्णिक प्रसरण. सर्किट बोर्ड तापल्यावर साधारण तांब्याइतकाच प्रसरण पावतो, त्यावरील सिरॅमिकचा भाग मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. एक सेंटिमीटर लांबीचा भाग ६० अंशांनी तापला, तर दोघांत सुमारे ६ मायक्रोमीटरचा फरक पडतो. हा ताण झाळकामाच्या सांध्यावर येतो. रोज दोनदा तापणे आणि निवणे, असे वीस वर्षे चालले की सांध्याला केसाएवढी भेग पडते. थंड असताना तिची टोके टेकलेली असतात, तापल्यावर दुरावतात.

आमच्या स्नेह्यांच्या मोटारीची लक्षणे याच्याशी जुळत होती. पण लक्षणे जुळली म्हणजे निदान झाले असे नाही. क्रँकचा सेन्सर आतून तुटला असेल, तरी तोही तापल्यावर असाच दगा देतो. म्हणून आम्ही क्रम ठरवला. आधी पुरवठा: बॅटरीचा दाब आणि डबीची अर्थिंग तपासली. गंजलेल्या अर्थिंगमुळे कित्येक चांगले संगणक विनाकारण बदलले जातात. मग आवक: मोटार बंद पडल्यावर स्टार्टर फिरवून पाहिला, तेव्हा क्रँक सेन्सरचे स्पंद डबीपर्यंत व्यवस्थित पोचत होते. शेवटी जावक: डबीतून ठिणगीची आज्ञा निघतच नव्हती. पुरवठा ठीक, आवक ठीक, जावक नाही. तेव्हा दोष मधल्या डबीत.

पडताळ्यासाठी आणखी एक प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केले आणि केस वाळवण्याच्या यंत्राने फक्त डबीला गरम हवा दिली. काही मिनिटांत इंजिन बंद पडले. आता शंका उरली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला धडा गॅरेजमध्येही तितकाच खरा आहे.

भंगारातील तशाच मोटारीची, तोच क्रमांक असलेली डबी मिळाली. बॅटरीची ऋण तार सोडून ती बसवली. इंजिन दोन सेकंद चालले आणि थांबले. पुन्हा तेच. डबी चांगली होती. पण ती आपल्या मालकाची किल्ली शोधत होती!

हे चोरीविरोधी कुलूप. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. तिला बॅटरी नसते. किल्लीच्या भोकाभोवतीच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह वाहतो आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने चिपच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्या विजेवर चिप आपली सांकेतिक ओळख सांगते. ती ओळख संगणकाच्या स्मृतीतील नोंदीशी जुळली, तरच इंजिन चालू राहते. म्हणजे डबी बाजारात मिळते, तिच्यातली ओळख मिळत नाही.

यावर उपाय दोन. कंपनीचे निदानयंत्र जोडून नव्या डबीला जुन्या किल्ल्या ‘शिकवणे’ हा पहिला. मात्र वापरलेली डबी काही मोटारींत हे शिकायला नकार देते. दुसरा, जुनी स्मृतीच नव्या डबीत नेणे. भोसरीतील एका लहानशा कार्यशाळेत हेच केले. जुन्या बोर्डवरची आठ पायांची स्मृती-चिप उतरवून भंगारातील बोर्डवर झाळली. सगळ्याच डब्यांत ही स्मृती अशी वेगळी नसते. या डबीत होती. कारागिराने आधी मोटारीची कागदपत्रे पाहिली, हेही सांगायला हवे. हे कौशल्य चोरालाही हवेच असते. मोटार सुरू झाली, आणि आजवर वाटेत थांबलेली नाही.

जुना बोर्ड आम्ही भिंगाखाली पाहिला. एका सांध्याभोवती अंगठीसारखी भेग स्पष्ट दिसली. ती पुन्हा झाळता आली असती. पण शेजारच्या तांब्याच्या रेषाही ओलाव्याने खाल्ल्या होत्या, म्हणून डबी बदलणेच योग्य ठरले.

एक सावधगिरी मात्र हवी. डबी तीच दिसली तरी आतला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो आणि धूर त्यावर ठरतो. फोक्सवागन कंपनीच्या डिझेल मोटारींतील प्रोग्रॅम चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत असे, हे २०१५ मध्ये उघड झाले. पुण्याच्या एआरएआय संस्थेने येथे चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३,२३,७०० मोटारी प्रोग्रॅम सुधारण्यासाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. तेव्हा ‘जास्त ताकदी’चा प्रोग्रॅम भरून देणाऱ्यांपासून दूर राहावे आणि डबी बदलल्यावर धुराची तपासणी करून घ्यावी.

आमच्या स्नेह्यांनी तो जुना बोर्ड आता शाळेत नेला आहे. औष्णिक प्रसरण शिकवताना रेल्वेच्या रुळांमधील फटीचे उदाहरण आपण सारेच देतो. त्यांच्या वर्गात त्याबरोबर भिंगातून ही भेगही पाहायला मिळते. आपल्या गावातल्या गॅरेजमध्ये चौकशी केलीत तर असा एखादा बोर्ड आपल्यालाही मिळेल.