आधी तारा की आधी इम्प्लांट? क्रम चुकला तर दुरुस्ती अवघड

दहावीतल्या मुलाचा पुढचा दात क्रिकेट खेळताना मुळापासून तुटतो आणि काढावा लागतो. बाकीचे दात वेडेवाकडे असल्याने तारा लावायच्याच असतात. घरचे म्हणतात, ‘आधी दात बसवून घेऊ, तारांचं नंतर बघू.’ घाई इथेच नडते.

इम्प्लांट सरकत का नाही?
नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यात तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा हलका दाब सतत पडला की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. इम्प्लांटला हा थर नसतो. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाशी एकजीव होतो. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हे तंत्र वापरले. ही घट्ट पकड हीच इम्प्लांटची ताकद. पण जागा चुकली तर तारांनी तो हलवता येत नाही.

वाढत्या वयात का नको?
जबडा वाढतो तसे शेजारचे दातही हाडासोबत सरकतात. इम्प्लांट मात्र होता तिथेच राहतो. काही वर्षांनी तो दात आखूड दिसू लागतो. म्हणून मुलींमध्ये साधारण १७-१८ आणि मुलांमध्ये २०-२१ वर्षांपर्यंत थांबतात. नुसत्या वयावर न जाता काही महिन्यांच्या अंतराने काढलेले एक्स-रे ताडून वाढ थांबल्याची खात्री करतात.

तोवर फट तशीच?
नाही. तारेला अडकवलेला, काढ-घाल करता येणारा किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला तात्पुरता दात लावता येतो.

योग्य क्रम कोणता?
• आधी कीड आणि हिरड्यांचे उपचार.
• मग तारा. इम्प्लांट आणि शेजारच्या मुळांमध्ये दोन्ही बाजूंना किमान दीड मिलिमीटर अंतर लागते. वरून फट पुरेशी दिसली, तरी आत मुळे तिरकी असू शकतात. म्हणून तारा काढण्याआधीच एक्स-रे काढून घ्यावा.
• शेवटी इम्प्लांट. तो हाडात पक्का व्हायला बहुतेक वेळा तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर कॅप.

आधीच इम्प्लांट असेल तर?
तरीही तारा लावता येतात. तो दात सोडून बाकीचे हलवतात. कधी कधी त्याचाच भक्कम आधार घेतात.

मोठ्या माणसांनी एक लक्षात ठेवावे: दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांतच तिथले हाड आक्रसू लागते. त्यामुळे दात काढण्याआधीच तारा लावणारे आणि इम्प्लांट बसवणारे, दोन्ही डॉक्टरांना एकत्र आराखडा करायला सांगा. ‘आधी काय आणि का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.