चिमणीला पीळ कशाला?

एका श्रोत्याने विचारलंय, कारखान्याच्या उंच लोखंडी चिमणीला वरच्या भागात स्क्रूच्या आट्यांसारख्या पट्ट्या का असतात? शोभेला? नाही हो. त्या भोवऱ्यांसाठी असतात.

परातीत पाणी घ्या, वर हळद भुरभुरवा आणि उभी पेन्सिल पाण्यातून सरळ ओढा. मागे एक भोवरा डावीकडे, एक उजवीकडे, असे आळीपाळीने सुटतात. प्रत्येक भोवरा पेन्सिलीला थोडं बाजूला खेचतो. चिमणीचंही तेच. व्यास २ मीटर आणि वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर भोवऱ्यांची साधारण एक जोडी दर सेकंदाला सुटते. चिमणीचा स्वतःचा डोलही तेवढाच असला की संपलं! झोपाळ्याला वेळेवर धक्के मिळावेत तशी ती हलत राहते आणि हळूहळू वेल्डिंगला तडे जातात.

मग भोवरे थांबवायचे कसे? मला सगळ्यात आवडतो तो स्ट्रायकोव्स्की आणि श्रीनिवासन यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. (श्रीनिवासन यांची पीएचडी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली.) त्यांनी प्रवाहात एक दांडा ठेवला आणि त्याच्या मागे, किंचित बाजूला, एक अगदी बारीक दांडा. भोवरे सुटणं चक्क बंद! कारण दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांना चिथावतात, म्हणून भोवरे सुटतात. बारीक दांडा नेमक्या जागी मध्ये आला की ती चिथावणीच मोडते. जागा थोडी चुकली की परिणाम गेला.

मी परातीत पेन्सिलीमागे सुई धरून बघितलं. काही झालं नाही! चूक माझीच, हात फार वेगात होता. ही युक्ती फक्त संथ प्रवाहात चालते. पेन्सिलीच्या जाडीला सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर.

चिमणीजवळचा वारा त्याच्या कितीतरी पलीकडचा. तिथे भोवरे बंद होत नाहीत, म्हणून त्यांची एकी मोडायची. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्क्रूटन आणि वॉल्श यांनी १९५० च्या दशकात वाऱ्याच्या बोगद्यात तपासून हा पीळ सुचवला. तीन पट्ट्या, प्रत्येकीची उंची व्यासाच्या साधारण दशांश. त्यामुळे प्रत्येक उंचीवर भोवरा वेगळ्या वेळी सुटतो, धक्के एकत्र येत नाहीत. फुकट मात्र नाही हं, पट्ट्यांमुळे चिमणीवर वाऱ्याचा जोर वाढतो, म्हणून पाया आणि पत्रा तेवढा भक्कम धरावा लागतो.