परक्या भाषेतील उतारा कसा वाचावा?

बेळगाव, इंदूर, बडोदे येथील जे मराठी विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छितात, त्यांस पुष्कळदा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तीतील वाचनाच्या भागात ६० मिनिटांत ३ उतारे वाचून ४० प्रश्न सोडवावयाचे असतात. शब्दसंग्रह तुटपुंजा असल्यानेच गुण जातात, ही समजूत आम्हांस अपुरी वाटते. कित्येकदा विद्यार्थ्याचा बहुश्रुतपणाच त्याच्या आड येतो.

काही प्रश्नांत एक विधान देऊन ते उताऱ्यानुसार खरे, खोटे, की त्याविषयी उताऱ्यात माहितीच नाही, असे विचारतात. समजा, उताऱ्यात ‘सुएझचा कालवा १८६९ साली वाहतुकीस खुला झाला’ एवढेच आहे. ‘तो १८७५ साली खुला झाला’ हे विधान खोटे. कारण उतारा त्यास स्पष्ट छेद देतो. परंतु ‘कालव्याचे काम दहा वर्षे चालले’ या विधानाचे काय? इतिहास जाणणारा विद्यार्थी चटकन ‘खरे’ म्हणेल आणि तेथेच फसेल. गोष्ट खरी असली तरी उताऱ्याने ती सांगितलेली नाही.

म्हणून प्रश्नातील नाव वा साल उताऱ्यात हुडकावे आणि उत्तरास आधार देणाऱ्या ओळीवर बोट ठेवता येते का, हे पाहावे. तोच अर्थ तेथे बहुधा निराळ्या शब्दांत असतो. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. तेव्हा जागा कोरी सोडू नये.

लेखकाचे म्हणणे व आपले ज्ञान यांची सरमिसळ न करण्याची ही सवय मराठी ग्रंथ वाचतानाही उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.