पंचवीस लाखांचे वऱ्हाड

अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून लुईझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला आणि ते नवे राष्ट्र एका सहीने दुप्पट झाले. तिथल्या आदिवासींना कोणी विचारले? कोणीच नाही. आमच्या वऱ्हाडाची कथा याहून फार वेगळी नाही.

हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या पगाराची थकबाकी निजामावर दाखवून कंपनी सरकारने १८५३ साली वऱ्हाड ताब्यात घेतले. फौज इंग्रजांच्या हुकमातली, बिल निजामाच्या नावावर! पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, गुलामांनी पिकवलेला तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. वर्धा नदी ओलांडून रेल्वे गेली. धामणगावच्या स्टेशनात कापसाच्या गाठी चढू लागल्या. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले. मालकी म्हणे निजामाचीच राहिली, कागदावर!

गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानीत. अख्ख्या प्रांताचा सौदा झाला तेव्हा मात्र त्याला कोणी हाक मारली नाही. मालक बदलले, महारकी तशीच राहिली. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली, ती याच वऱ्हाडात.

१९३६ साली निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कापूस वेचणाऱ्या आमच्या किती घरांच्या नावे सातबारा आहे, ते बंधूंनो, तलाठ्याकडे जाऊन विचारा.