दिवसाची वीज आणि विहिरीचे पाणी

रब्बीचा हंगाम सुरू झाला की जामखेड तालुक्यातील विहिरींवर रात्रीची जाग सुरू होते. कांद्याच्या वाफ्यांना किंवा गव्हाच्या साऱ्यांना पाणी द्यावयाचे असते. परंतु कृषिपंपाची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत येणार असल्यास शेतकऱ्याला मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जावे लागते. अंधारात दारे धरताना पाय कोठे पडतो याचा भरवसा नसतो. विंचू-सर्पाचे भय, ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श होण्याचा धोका आणि कडाक्याची थंडी ही रात्रीच्या पाळीची नित्याची सोबत होय. शिवाय अंधारात एक वाफा भरून वाहतो व दुसरा कोरडाच राहतो, हे सकाळी उजाडल्यावर कळते.

यास्तव 'वीज दिवसा द्या' ही शेतकऱ्यांची मागणी सर्वस्वी न्याय्य आहे. ती पुरी करण्याचे काम आता सुरू झाले आहे. ही वीज कोणत्या वाटेने शेतापर्यंत येते, त्या वाटेवर केंद्र सरकारचा अधिकार कोठपर्यंत आणि राज्याचा कोठून सुरू होतो, हे शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. दिवसाची वीज आल्यावर विहिरीच्या पाण्याचे काय होईल, याचा विचार तर त्याहूनही अगत्याचा आहे.

कायद्याची चौकट

भारतीय राज्यघटनेने वीज हा विषय समवर्ती सूचीत ठेवला आहे. म्हणजे या विषयावर संसद व राज्य विधिमंडळ या दोघांनाही कायदे करता येतात. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने प्रत्येक राज्यात वीज मंडळ स्थापण्याची तरतूद केली. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. वीजनिर्मिती, मोठ्या वाहिन्यांवरून वहन आणि घराघरांत व शेतांत वाटप ही तिन्ही कामे त्या एकाच मंडळाकडे होती.

देशात १९६५ ते १९६७ या काळात पाऊस हुकला आणि अन्नधान्याची मोठी टंचाई पडली. विहिरीतील पाणी मोटेने उपसून देशाची भूक भागणार नाही, हे त्या वेळी स्पष्ट झाले. १९६९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापिले ते या पार्श्वभूमीवर. खेड्यांत तारा ओढण्यासाठी व पंपांना वीज जोडण्यासाठी राज्यांच्या वीज मंडळांना कर्ज देणे हे त्याचे मुख्य काम होते. या महामंडळाने आरंभी देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांना पाठबळ दिले. त्यांपैकी एक, मुळा-प्रवरा, याच जिल्ह्यातील श्रीरामपूर-राहुरी भागात होती. तिचा वितरण परवाना २०११ मध्ये संपला आणि त्या भागाचे वीजवाटप महावितरण कंपनीकडे आले.

१९७५ मध्ये केंद्राने स्वतःची औष्णिक व जलविद्युत निर्मिती महामंडळे उभारली. त्यानंतर प्रांताप्रांतांतील वीजजाळी एकमेकांस जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. या कामातील अखेरचा मोठा दुवा जामखेडच्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यात सांधला गेला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली. दक्षिणेचे जाळे तिने उर्वरित देशाशी जोडले आणि सर्व भारताचे एकच वीजजाळे बनले. एका प्रांतात वीज शिल्लक असेल आणि दुसऱ्यात तूट असेल, तर ती आता या जाळ्यातून नेता येते.

२००३ चा कायदा आणि नियामक आयोग

सध्याची सर्व व्यवस्था २००३ च्या विद्युत कायद्यावर उभी आहे. या कायद्यास अनुसरून जून २००५ मध्ये जुन्या मंडळाचे विभाजन झाले. निर्मितीसाठी महानिर्मिती, वहनासाठी महापारेषण आणि वाटपासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. शेतकऱ्याचा दैनंदिन संबंध येतो तो महावितरणशी.

विजेचा दर मात्र महावितरण स्वतः ठरवीत नाही, आणि दिल्लीही ठरवीत नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. हा आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. राज्य सरकारला एखाद्या वर्गास आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यावयाची असेल, तर फरकाची रक्कम सरकारने वीज कंपनीस आगाऊ द्यावी, असे कायद्याचे कलम ६५ सांगते. राज्याने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. राज्यातील सुमारे ४४ लाख पंपधारक तिच्या कक्षेत येतात. त्या विजेचे मोल शेतकऱ्याच्या खिशातून जात नसले, तरी ते राज्याच्या तिजोरीतून जाते. म्हणून वाया गेलेले मोफत युनिटही अखेर जनतेच्याच खर्चाचे असते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. त्यांत ग्राहकास चोवीस तास वीज मिळावी असे तत्त्व आहे. परंतु शेतीसारख्या वर्गासाठी पुरवठ्याचे तास कमी ठरविण्याची मुभा आयोगास आहे. कृषिपंपांना अनेक वर्षे आठ ते दहा तासांची वीज पाळीपाळीने मिळत आली. दिवसा कारखाने, कचेऱ्या व शहरे यांची मागणी मोठी असते. म्हणून शेतीच्या वाट्याला अनेकदा रात्र आली.

सूर्य दिवसाच तापतो

या अडचणीतून वाट काढावयाची तर प्रथम गावाची व शेतीची वाहिनी वेगळी करणे आवश्यक होते. दोन्हींची एकच वाहिनी असताना शेतीची वीज बंद केली की गावातील दिवे, पिठाची गिरणी व शाळाही बंद पडत. महाराष्ट्राने गावठाण वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम हाती घेतले. पुढे केंद्राच्या २०१४ च्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेतून वाहिन्या वेगळ्या करण्यास निधी मिळू लागला. २०२१ मध्ये केंद्राने वितरण क्षेत्रासाठी ३,०३,७५८ कोटी रुपयांची सुधारणा योजना मंजूर केली. वीज कंपनीने आपली गळती व तोटा कमी केला तरच पुढील अनुदान मिळावे, अशी अट तीत घातलेली आहे. १९६९ चे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ या योजनेच्या अंमलबजावणीतही आहे.

शेतीची वाहिनी वेगळी झाल्यावर तिला स्वतंत्र वीज देता येते. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसाच तयार होते, आणि शेतकऱ्यालाही वीज दिवसाच हवी असते. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने २०१७ मध्ये हा मेळ घातला. तिच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी निवडलेल्या गावांत याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे राळेगणसिद्धी होते. केंद्राने २०१९ मध्ये कुसुम योजना मंजूर केली. पडीक जमिनीवरील छोटे सौर प्रकल्प, वीज न पोहोचलेल्या ठिकाणी स्वतंत्र सौरपंप आणि जोडणी असलेल्या पंपांचे किंवा संपूर्ण वाहिनीचे सौरीकरण, असे तिचे तीन भाग होत. २०२३ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. त्यात उपकेंद्राजवळची जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठेवलेली आहे. जामखेडसारख्या तालुक्यातील मुरमाड, हलक्या माळाला हे उत्पन्न विचार करण्याजोगे आहे. मात्र जनावरांच्या चराईचा माळ देण्यापूर्वी ग्रामसभेने नीट विचार करावा.

रोहित्र का जळते?

वीज दिवसा आली तरी रोहित्र, म्हणजे गावकऱ्यांची 'डीपी', जळालेले असेल तर तिचा उपयोग नाही. याचे गणित साधे आहे. ५ अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे साडेपाच केव्हीए भार घेते. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर असे अकरा पंप एका वेळी चालू शकतात. त्यावर अठरा पंप बसविले, तर रोहित्र तापते व दाब घसरतो. दाब घसरला की तेच काम करण्यासाठी मोटर अधिक विद्युतप्रवाह ओढते आणि तिचे वाइंडिंग जळते. म्हणजे आकडा टाकून चालविलेला एक पंप शेजारच्या पाच जणांच्या मोटरी धोक्यात आणतो.

दुसरे कारण ऑटो स्विचचे. वीज येताच सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि तो धक्का रोहित्रास सोसत नाही. म्हणून ऑटो स्विच काढून टाकावेत आणि एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून पंप पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करावेत. प्रत्येक पंपास योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. ३ अश्वशक्तीस १, ५ अश्वशक्तीस २ आणि साडेसात अश्वशक्तीस ३ केव्हीएआर हे प्रमाण आहे. स्टार्टरच्या पेटीचे व मोटरचे अर्थिंग पावसाळ्यापूर्वी व रब्बीपूर्वी तपासून घ्यावे.

एवढे करूनही रोहित्र जळाले, तर ते किती अवधीत बदलावे याची मुदत आयोगाने ठरवून दिलेली आहे. तक्रार तोंडी न करता नोंदवावी व तिचा क्रमांक घ्यावा. दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, अशी वाट २००३ च्या कायद्यानेच दिलेली आहे.

बैल थकत असे, वीज थकत नाही

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोटेच्या काळात उपशाला आपोआप मर्यादा होती. धावेवरचे बैल दुपारी सोडावे लागत आणि तेवढ्या वेळात विहिरीत झरे पुन्हा भरून येत. विजेचा पंप थकत नाही. रात्रीच्या वीजपाळीची अडचणसुद्धा उपशाला थोडासा लगाम घालीत होती. दिवसाची, बिनखर्चाची व खात्रीची वीज आल्यावर हा लगामही सुटेल.

जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका. येथील खडक काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत. खाली मोठा साठा नसतो. ५ अश्वशक्तीचा चांगला पंप एकूण २५ मीटर उंचीवर पाणी उचलत असेल, तर सेकंदाला सुमारे ९ लिटर पाणी देतो. आठ तासांत ते अडीच लाख लिटरांहून अधिक होते. विहिरीचा व्यास ८ मीटर असेल आणि त्या काळात झरा आलाच नाही, तर पातळी ५ मीटरांहून अधिक खाली जाईल. माघ-फाल्गुनात किती विहिरींना एवढा उपसा सोसवेल?

यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या विहिरीची आवक मोजावी. खुणा केलेल्या दोरीस दगड बांधून सायंकाळी पंप बंद केल्यावर पाण्याची पातळी पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहावी. समजा, ८ मीटर व्यासाच्या विहिरीत रात्रभरात २ मीटर पाणी वाढले. याचा अर्थ सुमारे १ लाख लिटर पाणी आले. तेवढे उपसण्यास वर सांगितलेला पंप तीन तास चालविणे पुरे. त्यापुढील प्रत्येक तासाचा उपसा साठ्यातून होतो, आणि तो साठा संपला की बोअर घेण्याची, त्यानंतर ती आणखी खोल करण्याची पाळी येते.

एक लाख लिटर पाणी मोकळे सोडले तर एक एकरास जेमतेम अडीच सेंटिमीटर बसते. तेच ठिबक किंवा तुषार संचाने दिले, तर पिकाच्या मुळाशी लागते व पाटात मुरून वाया जात नाही. दिवसाच्या विजेचा खरा लाभ येथे आहे. शेतकरी उजेडात नळ्या तपासू शकतो, बंद पडलेली छिद्रे साफ करू शकतो आणि पाणी मापाने देऊ शकतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

दिवसाची वीज येणाऱ्या प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी तीन कामे करावीत. पहिले, एकेका रोहित्रावरील शेतकऱ्यांची बैठक घेऊन पंप सुरू करण्याचा क्रम ठरवावा. दुसरे, निदान दहा विहिरींची पातळी दर पंधरवड्याने मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. तिसरे, आश्विनअखेर पावसाचा व पातळीचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडून कांदा, गहू व हरभरा यांचे क्षेत्र किती ठेवावे याचा निर्णय गावाने घ्यावा, यासाठी प्रयत्न करावा.

वीज देण्यासाठी केंद्राचा निधी आहे, राज्याची योजना आहे, आयोगाचा नियम आहे आणि कंपनीची वाहिनी आहे. विहिरीतील पाण्याचा रोजचा हिशेब मात्र शेतकऱ्यानेच ठेवावयाचा आहे. तो त्याने ठेवला, तर दिवसाची वीज त्याची रात्रीची झोप परत देईल आणि विहिरीतील पाणी चैत्रापर्यंत टिकेल.