चाकाची घरघर आणि हमीचा कागद



बैलगाडीच्या काळी चाकाचे दुखणे लपून राहत नसे. आखावरचे वंगण आटले की चाक साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडे आणि गाडीवान खाली उतरून, गाडीला टांगलेल्या नळ्यातले वंगण तुंब्यात घाली. आजच्या मोटारीने हे काम आपल्या हातून काढून घेतले आहे. बहुतेक लहान मोटारींच्या चाकाचे बेअरिंग कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे बंद केलेले असते. ते धड असते तोवर आपल्याला त्याची आठवणही होत नाही; आणि बिघडू लागले म्हणजे ते ओरडत नाही, दबक्या आवाजात घरघरते. ही घरघर वेळेवर ओळखणे आणि गाडी हमीच्या मुदतीत असताना ती कागदावर आणणे, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझे घर भोपाळच्या सोनागिरीत आहे. शेजारीच पिपलानी आणि विजेच्या अवजड यंत्रसामग्रीचा तो मोठा कारखाना, ज्याची कंपनी १९५६ साली स्थापन झाली. त्या कारखान्यात हयात घालवलेले एक निवृत्त गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. माझ्या मोटारीची तीन वर्षांची हमी संपावयास दोन महिने उरले असताना रायसेन रस्त्यावर गाडी वेगात आली की खालून एक घुमणारा आवाज येऊ लागला. कार्यशाळेत मी तो तोंडी सांगितला. "टायरचा आवाज आहे, सगळ्याच गाड्यांना येतो," असे उत्तर मिळाले आणि मी निश्चिंत मनाने घरी आलो. शेजाऱ्यांना हे सांगताच त्यांनी एकच प्रश्न विचारला : "तुम्ही सांगितलंत खरं, पण लिहून घेतलंत का?"

त्यांच्या प्रश्नामागे आयुष्यभराची सवय होती. वीजनिर्मितीच्या यंत्राच्या बेअरिंगचे तापमान किती, कंप किती, याची नोंद ठेवली जाते; कारण आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवल्यावाचून बिघाडाची चाहूल लागत नाही. आपल्या गाडीच्या बाबतीत मात्र आपण सारा भार स्मरणावर टाकतो.

आता बेअरिंग म्हणजे काय ते पाहू. एकात एक बसणाऱ्या पोलादाच्या दोन कड्या, त्यांच्यामध्ये छर्रे किंवा लाटण्यांसारखे रूळ, त्यांना समान अंतरावर ठेवणारा पिंजरा, आत ग्रीस आणि बाहेरून पाणी व धूळ अडवणारे सील, एवढाच त्याचा संसार. घासण्याऐवजी लोळणे, हे त्याचे तत्त्व. वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ साली गाडीच्या आखासाठी छर्र्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. सील फाटून पाणी आत शिरले, तर ग्रीस निकामी होते आणि पोलाद गंजते. चाक खड्ड्यात जोराने आदळले, तर छर्र्यांच्या दाबाने कडीवर बारीक खळगे पडतात. बेअरिंग बसवताना दाब चुकीच्या कडीवर दिला गेला, तरी हीच गत होते. एकदा का पृष्ठभाग खरवडला, की तो आपोआप बरा होत नाही. झीज झिजेला वाढवीत जाते.

ओळखावे कसे? बेअरिंगचा आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नव्हे. समान वेगाने जाताना गिअर बदलला तरी तो तसाच राहिला, तर इंजिनावरचा संशय कमी होतो. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली, तर दोष बहुधा डावीकडचा समजावा. असमान झिजलेला टायरही असाच घुमतो, म्हणून टायरांची अदलाबदल करून पाहावी. आवाज टायराबरोबर जागा बदलतो की आहे तिथेच राहतो, हे पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. मेकॅनिक चाक उचलून वर-खाली हलवून पाहतो. ते डुलत असेल, तर काम हातघाईवर आले असे समजावे. अशी गाडी चालवीत राहणे धोक्याचे आहे. चाकाची ढिलाई वाढत जाते, ब्रेकवर परिणाम होतो आणि शेवटी चाक जखडण्याचा किंवा निखळण्याचाही प्रसंग येऊ शकतो. दरवेळी मागच्या आसनावर आपलीच मुले बसलेली असतात, हे विसरू नये.

आता हमीचा कागद. हमी वर्षांची आणि किलोमीटरांची असते. त्यांतील जे आधी संपेल, तेथे ती संपते. अपघात, पुराचे पाणी, प्रमाणाबाहेर भार, परस्पर बसवलेली मोठी चाके, चुकवलेली सर्व्हिसिंग आणि 'नैसर्गिक झीज' यांना बहुतेक हमीपत्रे वगळतात. या शेवटच्या दोन शब्दांवरच सारा वाद होतो. म्हणून पुस्तिका आधी वाचावी. गाडी आपणच गुडघाभर पाण्यातून घातली असेल, तर दोष दुसऱ्यावर लोटू नये. पण गाडी रीतसर वापरली असेल, तर हक्क सोडण्याचेही कारण नाही.

मग करावयाचे ते एवढेच. आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूने, किती किलोमीटरवर येतो, हे जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहवून घ्यावे आणि त्याची प्रत घ्यावी. मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी फिरवावी. नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी मागावे आणि तेच पत्र गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवावे. तोवर बाहेर कोठेही चाक उघडू नये. नाहीतर दोष कोणाचा हे ठरवणे कठीण होते.

एवढ्यानेही भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. परीक्षेवाचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. स्वयंरोजगार म्हणून, केवळ पोट भरण्यासाठी टेम्पो किंवा रिक्षा घेणाऱ्यालाही हा कायदा ग्राहक मानतो. मात्र मागणी बेताची असावी. भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचीच हमी असेल, तर तिच्या आधारे सबंध गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात सांगितले आहे.

माझ्यापुरते सांगायचे, तर शेजाऱ्यांच्या आग्रहाने मी दुसऱ्याच दिवशी परत गेलो आणि तक्रार लिहवून घेतली. पुढे दोन फेऱ्या व्यर्थ गेल्या. तिसऱ्या फेरीला चाक उचलले आणि बेअरिंग खराब निघाले. त्या दिवशी हमी संपून नऊ दिवस झाले होते. काउंटरवरच्या मुलाने तसे सांगताच मी जुने जॉबकार्ड पुढे केले. त्यावर मुदतीतली तारीख होती, किलोमीटर होते आणि 'डाव्या पुढच्या चाकाला घरघर' असे शब्द होते. बेअरिंग विनामूल्य बदलून मिळाले.

संध्याकाळी शेजाऱ्यांना गाडीतून फिरवून आणले. रायसेन रस्त्यावर ते बराच वेळ कान देऊन बसले होते. परतल्यावर म्हणाले, "चाक गप्प झालं. आता तो कागद मात्र फाडू नका."